दत्तक लेकरू घेऊन परमुलखात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची लेक घरी आली तेव्हा एक वर्ष अकरा महिन्यांची होती. कारा या दत्तकविधानाच्या केंद्रीय यंत्रणेमार्फत, उत्तर कर्नाटकातल्या एका शिशुगृहातून आली. सहा महिने होतात न होतात तोच नवऱ्याच्या कारखान्यानं (बेळगावच्या उद्यमबागेतला, ओतकामाचा) नवं मशीन शिकून घ्यायला त्याला दहा आठवडे जर्मनीला पाठवायचं ठरवलं. आम्ही तिघंही गेलो. परत आल्यापासून खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर, कुठून कुठून फोन येतात. कुणाचा भाऊ दुबईला, कुणाची बदली सिंगापूरला, आणि घरात नुकतंच आलेलं दीड-दोन वर्षांचं मूल. प्रश्न तेच ते असतात. फोनवर दर वेळी काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून एकदा लिहून काढलं. मी डॉक्टर नाही, समुपदेशक नाही. कायद्याचं जे लिहिलंय ते कागद हातात धरून लिहिलंय. बाकी सगळा आमचा अनुभव, तो तुमच्या लेकराला लागू पडेलच असं नाही.

मूल घरी येऊन थोडेच महिने झालेत. इतक्यात परदेशी न्यावं का?

हौसेसाठी नको. बर्फ बघायला, बहिणीचं नवं घर बघायला जायचं असेल तर वर्षभर थांबा. बर्फ कुठं जात नाही.

पण आईबापांपैकी एकाला कामासाठी जावंच लागणार असेल तर गणित बदलतं. आमच्या घरात सगळे म्हणाले, त्याला एकट्याला जाऊ दे, तू पोरीला घेऊन इथंच राहा. आम्ही ते ऐकलं नाही. पोरीच्या आयुष्यात तोवर किती माणसं आली आणि नाहीशी झाली ते आम्हाला ठाऊक होतं. सहा महिने रोज संध्याकाळी घरी येणारा बाबा एक दिवस येईनासा होणं तिच्या हिशेबात काय ठरलं असतं? दोन वर्षांच्या मुलाला ‘दहा आठवड्यांनी येतो’ हे वाक्य कळत नाही. ‘गेला’ एवढंच कळतं. आमच्या मते अनोळखी घर आणि ओळखीची दोन माणसं हे ओळखीचं घर आणि एक माणूस कमी यापेक्षा बरं.

एक फायदा आम्हाला तिथं गेल्यावर कळला. बेळगावात आमच्याकडे दिवसाला चार माणसं ‘पोरगी बघायला’ यायची. जर्मनीत कुणीच येत नव्हतं.

कायद्यानं मुलाला देशाबाहेर कधी नेता येतं?

मूल घरी आलं की लगेच ते कायद्यानं तुमचं होत नाही. आधी दत्तकपूर्व संगोपन, मग आदेश. बालन्याय कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीमुळे हा आदेश आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. ती १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झाली. आपल्याकडच्या भाषेत डीसींची सही. अर्ज शिशुगृह ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या डीसींकडे जातो, तुमच्या नाही. नियमात दोन महिन्यांत निकाल द्यायचा असं आहे. आमचा थोडा लांबला. तोवर विमानाची तिकिटं काढू नका.

आदेशानंतर आईबाप म्हणून तुमची नावं असलेला जन्मदाखला आणि मग पासपोर्ट. चार वर्षांखालच्या मुलाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो आपण न्यायचा असतो. आमच्या पोरीनं फोटोग्राफरकडे बघायचंच नाकारलं. तीन दुकानं झाली. शेवटी नवरा कॅमेऱ्यामागं उभा राहून मांजराचा आवाज काढू लागला तेव्हा जमलं.

आता सीमाभागाची खास भानगड. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बदललं. आमच्या दोघांच्या जुन्या पासपोर्टांवर ‘बेलगाम’, पोरीच्या कागदांवर ‘बेळगावी’, आणि आम्ही बोलतो ‘बेळगाव’. परदेशी माणसाला ही तीन गावं वाटतात. अर्जासोबत दोन ओळींचा खुलासा जोडा. शिवाय डीसींचा आदेश कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर नोटरी करून घ्या आणि मूळ आदेशाच्या प्रतीसह प्रवासात हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत जाणाऱ्या बॅगेत नको.

शेंगेनचा व्हिसा (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) असेल तर अल्पवयीन मुलाच्या अर्जावर दोन्ही पालकांच्या सह्या लागतात. सहा वर्षांखालच्या मुलाला व्हिसा शुल्क नाही, बारा वर्षांखाली बोटांचे ठसे नाहीत, आणि किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो. राहणं १८० दिवसांत ९० दिवसांच्या आत.

दत्तकानंतर दोन वर्षं सहा-सहा महिन्यांनी पाहणी अहवाल असतो. म्हणून जाण्यापूर्वी संस्थेला आणि जिल्हा बाल संरक्षण कक्षाला लेखी कळवा, पोच घ्या. अडचण आली तर काराचा टोल फ्री नंबर १८०० ११ १३११.

आमचं मूल फार शहाणं आहे. रडत नाही, कुणाकडेही जातं. म्हणजे प्रवास सोपाच जाणार ना?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त येतो. तो विचारणाऱ्याचा आवाज आनंदी असतो आणि माझ्या पोटात गोळा येतो, कारण आम्हीही असंच म्हणायचो.

आमची पोरगी पहिले दोन महिने अजिबात रडली नाही. पडली तरी नाही. उंबऱ्याला अडखळून ओठ फुटला, रक्त आलं, आणि ती उठून भिंतीकडे तोंड करून बसली. सासूबाई म्हणाल्या, ‘किती गुणाची हो पोर.’ आल्यागेल्या प्रत्येकाच्या कडेवर जायची. भाजीवालीच्या, गॅसवाल्याच्या. गॅसवाल्याचा तर हात धरून जिन्यापर्यंत गेली.

१९५० च्या सुमाराला लंडनमध्ये जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन यांनी आईबापांपासून तुटलेल्या, दवाखान्यात आणि संस्थांत राहिलेल्या लहान मुलांचं निरीक्षण केलं होतं. त्यांना तीन टप्पे दिसले. आधी मूल आकांत करतं. मग खचतं, गप्प होतं. मग अलिप्त होतं, आणि तेव्हा ते हसतं, खातं, सगळ्यांशी छान वागतं. दवाखान्यातली माणसं याच तिसऱ्या टप्प्याला ‘रुळलं बाळ’ म्हणायची. मी हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

सगळ्यांकडे जाणारं मूल धीट असतं असं नाही. कधी कधी त्याला कुणी ‘आपलं’ नसतं म्हणून सगळे सारखेच असतात. संस्थेत पाळ्या बदलतात. सांभाळणारी सकाळची अक्का वेगळी, रात्रीची वेगळी. जी समोर येईल तिच्याकडे हसून बघितलं तर दूध आधी मिळतं. हे त्या मुलाचं शहाणपणच आहे, फक्त ते चुकीच्या कारणानं आलेलं आहे.

म्हणून प्रवासात उलट काळजी घ्या. विमानतळावर रांगेतली बाई ‘कित्ती गोड, द्या हो इकडे’ म्हणेल. देऊ नका. हसून नाही म्हणा, वाईट वाटलं तर वाटू दे. आम्ही ठरवलं होतं की भरवणं, अंघोळ, कपडे बदलणं, उचलणं, झोपवणं आणि पडल्यावर जवळ घेणं ही सहा कामं फक्त आम्ही दोघं करायची. बाकी जग तिच्याशी बोलेल, खेळेल, टाटा करेल.

आणि ती पडली की, रडो न रडो, धावत जायचं. ‘आई गं, लागलं ना’ असं तिच्या वतीनं आपणच म्हणायचं. आम्हाला यात मूर्खासारखं वाटायचं. जर्मनीत पाचव्या आठवड्यात, खेळाच्या मैदानात घसरगुंडीच्या वाळूत ती तोंडावर आपटली. उठली, इकडंतिकडं बघितलं, मला शोधलं, आणि मग भोकाड पसरलं. वीस पावलं रडत चालत आली. आजूबाजूच्या बायका कळवळून बघत होत्या आणि मला मात्र पेढे वाटावेसे वाटत होते.

मूल कन्नड शब्द बोलतं. घरी मराठी, बाहेर तिसरीच भाषा. घोळ होणार नाही का?

आपल्या भागात या प्रश्नाला दुसराच वास असतो, तो मी बाजूला ठेवते. मोर्चे, पाट्या, खटले मोठ्या माणसांचे. दोन वर्षांच्या पोरीनं ‘नीरु’ म्हटलं तर तिला तहान लागलेली असते.

ती आली तेव्हा तिच्याकडे पंधराएक शब्द होते. हालु म्हणजे दूध. बेकु म्हणजे हवं, ब्याड म्हणजे नको. एत्को म्हणजे उचलून घे. मक्को म्हणजे झोप. तिचं स्वतःचं म्हणावं असं सामान तेवढंच होतं, कपडेसुद्धा संस्थेनं दिलेले. घरातल्या एका काकांनी पहिल्याच दिवशी बजावलं, ‘आता तिच्याशी मराठीच बोला, विसरंल लवकर.’ विसरेल हो. पण तोवर तिला पाणी कसं मागायचं?

आम्ही जोडी लावली. ती ‘नीरु’ म्हणाली की ‘नीरु, हं, पाणी’ म्हणत पेला द्यायचा. तिचा शब्द आधी, आपला नंतर. दुरुस्ती नाही, ‘पाणी म्हण’ असा हट्ट नाही. सीमाभागातल्या माणसाला हे अवघड नसावं. आपण बाजारात एका वाक्यात दोन भाषा वापरतोच. ज्यांना कन्नड येत नाही त्यांनी संस्थेतल्या अक्कांकडून मूल वापरतं ते शब्द लिहून घ्यावेत. कागदाचा एक चतकोर पुरतो. मुलाला हिंदी, ओडिया, तेलुगू शब्द येत असतील तरी हेच.

झोपवताना मात्र काही जुळवावं लागलं नाही. ‘जोजो’ दोन्ही भाषांत जोजोच आहे.

आणखी एक काम करा. मूल घरी आणताना, संस्थेची परवानगी असेल तर, तिला सांभाळणाऱ्या अक्कांचा आवाज फोनमध्ये घ्या. आमच्या अक्कांनी अर्ध्या मिनिटात तिचं नाव घेऊन ‘हेदरब्याड’, म्हणजे घाबरू नको, असं काहीबाही म्हटलं होतं. परदेशातल्या पहिल्या रात्री, आमच्या कुठल्याच उपायानं ती शांत होईना, तेव्हा तो लावला. ती ऐकत राहिली. मग रडली, पण ते रडणं वेगळं होतं, मऊ. असा आवाज लावल्यानं मूल मागं ओढलं जाईल अशी भीती अनेकांना वाटते. आम्हाला तसं काही दिसलं नाही.

जर्मन भाषेचं म्हणाल तर एकच गोंधळ झाला. तिथं जिन्यात, दुकानात, जो तो लहान पोरांना ‘हालो’ म्हणतो. आमची पोरगी दर वेळी त्या माणसाच्या हाताकडे बघायची. दूध कुठंय?

नाव बदललं तर चालतं का?

कायदा आडवा येत नाही. पण संस्थेत ज्या नावानं हाक मारायचे ते निदान घरात हाक मारायला ठेवा. घर, माणसं, वास, अन्न सगळं बदललेलं असताना नावही गेलं तर त्या जिवानं कशाला ओ द्यायची? आम्ही नवं नाव जन्मदाखल्यात जुन्या नावाला जोडून घातलं.

विमानात काय करायचं?

त्याआधी तालीम करा. बेळगावहून थेट परदेशी विमान नाही. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मोठ्या शहराचं विमान पकडा, नाहीतर गोवा, मुंबई, बंगळूर गाठा. आम्ही व्हिसासाठी बंगळूरला रात्रीच्या गाडीनं गेलो तीच तालीम केली. तिची चादर, तिचा पेला, तिचा क्रम. जेवण, तोंड धुणं, तेलाचा हात, जोजो. रेल्वेच्या बर्थवरही तोच क्रम. गोव्याहून विमान असेल तर चोर्ला घाटाच्या वळणांचा विचार आधी करा. मोठी माणसंही तिथं ओकतात. पोट भरून बसवू नका आणि तिथून उतरून लगेच विमानतळात शिरायची वेळ ठेवू नका.

दोन वर्षं पूर्ण झाली की मुलाला स्वतःचं तिकीट आणि सीट लागते. सीटचा पट्टा हा आमच्याकडे सर्वांत मोठा तमाशा ठरला. तिला आयुष्यात कधी बांधून ठेवलेलं नव्हतं, किंवा कदाचित ठेवलेलं असेल, आम्हाला काय ठाऊक. घरी जेवणाच्या खुर्चीला ओढणीचा पट्टा करून बाहुलीला बांधायचा, मग बाबाला, मग तिला, असा खेळ आठवडाभर केला. उपयोग निम्मा झाला. जर्मनीत मोटारीतही हेच, कारण तिथं बारा वर्षांखालच्या आणि दीड मीटरपेक्षा बुटक्या मुलाला वेगळी सीट लागते. टॅक्सी सांगताना आधी विचारा.

विमान उतरताना कान दुखतात. घोट घोट पाणी, चोखायला काहीतरी, गिळत राहिलं पाहिजे. शंभर मिलिलिटरचा नियम बाळाच्या दुधापाण्याला तसा लावत नाहीत, वाजवी प्रमाणात नेता येतं, फक्त तपासणीला बाहेर काढून ठेवा. झोपेचं औषध देऊ का, असं अनेक जण दबक्या आवाजात विचारतात. देऊ नका. काही मुलं त्यानं उलट जास्तच खवळतात. आणि अनोळखी ठिकाणी गुंगीत झोपून अनोळखी ठिकाणी जागं होणं हे तिच्याबाबतीत एकदा घडून गेलेलं असू शकतं.

संस्थेत असताना तिच्याजवळ जे दुपटं किंवा खेळणं होतं ते धुऊ नका. वास राहू दे. सासूबाईंनी आमचं एक धुतलं. भांडण नाही केलं, पण अजून आठवतं.

तिथं पोचल्यावर पहिल्या आठवड्यात काय करावं?

काही नाही. खरंच काही नाही.

पश्चिमेकडे गेलं की पोरं पहाटे उठतात. उन्हाळ्यात जर्मनीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं असतं, हिवाळ्यात साडेचार. म्हणजे बेळगावात साडेसहाला उठणारी पोर तिथं पहाटे तीनला टुणकन बसते आणि संध्याकाळी पाचला डोळे मिटते. रोज थोडं थोडं सरकवा, दिवसा उजेडात न्या. आमचं पाच-सहा दिवसांत मार्गी लागलं. पहाटे तीन ते सहा आम्ही आळीपाळीनं जमिनीवर ठोकळे मांडत बसायचो. आता वाटतं, तिच्याशी खरी ओळख त्याच तासांत झाली. फोन वाजत नव्हता, कुकर लावायचा नव्हता, पाहुणे येणार नव्हते.

त्या वेळात ‘कूक’ फार खेळलो. तोंडावर ओढणी घ्यायची, नाहीसं व्हायचं, परत यायचं. फालतू खेळ वाटतो, पण गेलेलं माणूस परत येतं हे दिवसातून पन्नास वेळा सिद्ध करून दाखवायला दुसरा खेळ नाही. मी संडासला जातानाही सांगून जायची आणि दाराआडून बोलत राहायची. नवरा कामावर जाताना त्याची टोपी तिच्याकडे ठेवून जायचा, आल्यावर मागून घ्यायचा. झोप लागलेली असताना चुपचाप निघून जाणं, जे आपल्याकडे सगळे करतात, ते आम्ही एकदाही केलं नाही. रडून पोटात दुखेपर्यंत रडली तरी सांगूनच जायचं.

मूल एकालाच चिकटतं, दुसऱ्याला जवळ येऊ देत नाही. काय करावं?

संस्थेत बहुतेक बायकाच असतात. त्यामुळे मिशीवाला, जाड आवाजाचा बाबा पाहून पोरं बिचकतात. आमच्याकडे उलटं झालं, तिनं बाबाला धरलं आणि मला ढकललं. हातानं, खरोखर. आईच्या जागेवरून जी बाई गेली तिचा राग पुढच्या बाईवर निघतो असं मला एका जाणत्या बाईंनी सांगितलं. खरं असेल, पण ते ऐकून त्या दिवशीचा ढकललेला हात दुखायचा थांबला नाही.

नवरा कामावर गेला की दहा आठवडे दिवसभर मी आणि ती, हाच उपाय ठरला. शिवाय तो घरी असला तरी दूध मीच द्यायचं, असं ठरवलं. तिनं ते घेतलं नाही तर तो खोलीतून बाहेर जायचा. ज्याला मूल चिकटतं त्यानं जरा मागं सरायला हवं, आणि त्याला ते सुखाचं नसतं. चिकटलेलं लेकरू कुणाला सोडवंसं वाटतं?

खाण्याचं काय न्यावं?

नाचणीचं सत्त्व, मेतकूट, भाजून दळलेली मुगाची डाळ, गूळ. तांदूळ तिथं मिळतो, गुरगुट्या भात कुठंही होतो. तूप, खवा, पेढे आणि आपला कुंदा मात्र नेता येत नाही, कारण युरोपीय संघात बाहेरून दूध-मांसाचे पदार्थ आणायला प्रवाशांना बंदी आहे. लहान मुलांच्या दुधाच्या भुकटीला आणि बाळअन्नाला दोन किलोपर्यंत, बंद डब्यात, सूट आहे. आमच्या आत्यानं कुंद्याचे दोन डबे बॅगेत कपड्यांखाली लपवले होते. घरीच सापडले म्हणून बरं.

खाण्याबाबत दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. संस्थेतून आलेलं मूल पोट भरलं तरी खात राहतं, गालात घास साठवतं, उशीखाली बिस्कीट लपवतं. रागावू नका, ‘चोरते’ म्हणू नका. आम्ही तिच्या उंचीवर एक वाटी ठेवली, तिच्यात कायम काहीतरी असायचं. ती दिवसातून दहा वेळा येऊन फक्त बघून जायची. परदेशात, घर बदलल्यावर, लपवणं पुन्हा सुरू झालं. वाटी पुन्हा ठेवली. महिनाभरात ती बघायला यायची थांबली.

रात्री रडते, शेजारी तक्रार करतील का?

जर्मनीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते आणि रविवारी तर दुकानंही बंद. आम्ही धास्तावलो होतो. पण लेकराच्या रडण्याला तिथंही कुणी गोंगाट धरत नाही. पाळणाघरं आणि खेळाच्या मैदानांतला पोरांचा आवाज त्रासदायक गोंगाट मानायचा नाही, असं २०११ साली तिथल्या कायद्यातच घातलंय. तरी पहिल्याच दिवशी वरच्या-खालच्या बिऱ्हाडांच्या दारात चिठ्ठी लावली की मूल नवीन आहे, घर नवीन आहे, रडेल. खालच्या आजीबाईंनी दुसऱ्या दिवशी दारात विणलेले पायमोजे ठेवले.

आज्जी-आजोबांना व्हिडिओ कॉल किती?

रोज नको. आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटं. आणि ‘आज्जीला पापी दे’, ‘नाच करून दाखव’ हे नको. सुरुवातीला तिला वाटायचं फोनमधली माणसं तिला न्यायला येणार आहेत. घंटी वाजली की ती चपला शोधायची.

बारसं, ओवाळणी, सौंदत्तीचा नवस, हे सगळं जाण्यापूर्वी उरकावं का?

बारसं घरातल्या घरात केलं, पंधरा माणसांत. दोनशे पानांचा बेत सासऱ्यांनी आखला होता, तो परत आल्यावर करू म्हणून टाळला. देव थांबतो. नातेवाईक थांबत नाहीत, पण त्यांना थांबवता येतं.

फोटो स्टेटसला ठेवावेत का?

आदेश हातात येईपर्यंत अजिबात नाही. बालन्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख प्रसिद्ध करता येत नाही. नंतरही तिची गोष्ट तिची आहे. तिला कुठून आणलं, कशी सापडली, हे प्रवासात शेजारच्या सीटवरच्या माणसाला सांगायचं काहीच कारण नाही.

विमानतळावर ‘हे मूल तुमचंच का’ असं विचारतात का?

एकदा विचारलं, सभ्यपणे. आदेश आणि जन्मदाखला दाखवला, दोन मिनिटांत झालं. खरी चौकशी इमिग्रेशनवाले करत नाहीत, आपली माणसं करतात. ‘कुणासारखी दिसते?’ आमचं उत्तर: स्वतःसारखी.

परदेशात आजारी पडली तर?

लसीची वही बरोबर ठेवा. संस्थेनं दिलेली नोंद आपल्या बालरोगतज्ज्ञाकडून तपासून, राहिलेल्या लसी वेळेत घ्या, गोवर-रुबेलाच्या दोन मात्रा खास करून. जर्मनीत तातडीला ११२, रात्रीबेरात्री डॉक्टर हवा असेल तर ११६११७. डॉक्टरांनी मूल तुमच्या मांडीवर ठेवूनच तपासावं असं आग्रहानं सांगा.

सगळे म्हणतात किती भाग्य, पण मला अजून तिच्याबद्दल माया वाटत नाही. मी वाईट आई आहे का?

हा प्रश्न रात्री अकरानंतर येतो, मेसेजमध्ये, आणि पाठोपाठ ‘डिलीट करा’ असंही येतं.

मला चौथ्या महिन्यापर्यंत वाटत नव्हती. जबाबदारी वाटायची, कीव वाटायची, आणि कधी कधी पाहुण्यांचं मूल सांभाळतोय असं वाटायचं. तीन वर्षं वाट पाहिलेली, मग एवढं कोरडं कसं? कुणाला सांगायची सोय नव्हती, कारण लगेच ‘पोटचं नाही ना’ हे ऐकावं लागलं असतं. पोटच्याबाबतीतही अनेकींना उशीर लागतो, हे मला नंतर माझ्याच मावशीनं सांगितलं.

तोवर हात चालू ठेवा. तेल लावा, भरवा, कडेवर घ्या. झोप येत नसेल, सतत रडू येत असेल, मुलाजवळ जावंसंच वाटत नसेल तर डॉक्टरांना सांगा. जाण्यापूर्वी सांगा, परदेशात एकटं पडल्यावर नव्हे.

परत आल्यावर पुन्हा सगळं पहिल्यापासून का?

थोडंफार. झोप बिघडली, पुन्हा वाटी ठेवावी लागली, आठवडाभर ती आमच्याच घरात पाहुण्यासारखी भिंतीला धरून चालली. स्टेशनवर चौदा माणसं हार घेऊन आली होती, नको म्हणून बजावलं असतानाही. ती माझ्या मानेत तोंड खुपसून बसली आणि कुणाकडेच गेली नाही. आत्यानं दोन्ही हात पुढं केले तर म्हणाली, ‘ब्याड.’ आत्या रुसली, तिला आम्ही अजून समजावतोय. गॅसवाला परवा आला होता. ती दारात उभी राहिली, टाटा केलं आणि आत येऊन मला सांगितलं, ‘आई, मामा आलंय.’